सापांविषयीं खरें आणि खोटें

पावसाळा लागला आणि बिळांत पाणी शिरूं लागलें, म्हणजे साप घरांकडे वळतात. आणि त्यांच्यामागून सापांच्या गोष्टीही घरोघर येतात. सायंकाळीं ओसरीवर चार माणसें बसलीं कीं, कोणी नागाच्या मण्याची, कोणी डूख धरणाऱ्या नागिणीची गोष्ट काढतो. ऐकावयास त्या गोड असतात. परंतु त्यांतील कांहींच्या पायीं माणसें प्राणास मुकतात. म्हणून आज आम्ही त्यांची थोडी पारख करणार आहों. उपदेशक बंधूंनीं हा पाठ आठवड्याच्या सभेंत मंडळीस वाचून दाखवावा, अशी विनंती आहे.

आपल्या देशांत सापांच्या तीनशेंहून अधिक जाती आहेत. त्यांपैकीं विषारी सुमारें साठ, आणि माणसांचे बहुतेक मृत्यु घडवून आणणाऱ्या केवळ चार: नाग, मण्यार, घोणस व फुरसें. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसून आलें कीं, २००० पासून २०१९ पर्यंतच्या वीस वर्षांत भारतांत सुमारें १२ लक्ष माणसें सर्पदंशानें मेलीं. म्हणजे वर्षास सरासरी ५८ हजार. त्यांतील चौथा हिस्सा व त्याहून कांहीं अधिक मुलें पंधरा वर्षांखालील होतीं. मेलेल्यांत बहुतेक आपल्यासारखे खेड्यांतले लोक.

आतां गैरसमजांकडे वळूं. धामणीवर जितका अन्याय होतो तितका दुसऱ्या कोणत्याही सापावर होत नसेल. ती नागाची मादी आहे, ती शेपटीनें मारते, ती गाईच्या पायांस वेढा घालून दूध पिते, असें लोक सांगतात. खरें पाहतां नागांत नर व मादी आहेत, धामणींतही नर व मादी आहेत; या दोन जाती सर्वस्वीं निराळ्या. दूध ओढून घेण्यास ओंठ व गाल लागतात. ते सापास नाहींत. त्याचे दांत आंत वळलेले व सुईसारखे असतात, ते आंचळांत रुतले तर गाय शांत उभी राहील काय? पावसाच्या आरंभीं दोन साप एकमेकांस पीळ घालून उभे राहिलेले दिसतात, आणि लोक संपत्तीच्या आशेनें त्यांच्यावर नवें वस्त्र टाकतात. तें जोडपें नसून पुष्कळदां दोन नर धामणींची कुस्ती असते! धामण विषारी नाहीं. ती शेतांतले उंदीर खाते, आणि तिला काठीनें ठेंचणारा शेतकरी आपल्याच धान्यावर उंदीर पोसतो, हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं.

नाग दूध पितो हीही समजूत खोटी. गारुडी त्याला कित्येक दिवस उपाशी व तहानलेला ठेवतो, तेव्हां तो पुढें येईल तें ओलें तोंडांत घेतो इतकेंच. तें दूध त्याला पचत नाहीं. पुंगीच्या नादानेंही तो डुलत नाहीं. सापास बाहेरचे कान नाहींत. जमिनीचा कंप जबड्याच्या हाडावाटे त्याच्या अंतःकर्णास पोंचतो, व हवेंतले कांहीं जाड आवाजही त्यास कळतात. परंतु डुलतो तो हालत्या पुंगीवर नजर ठेवण्यासाठीं. अठ्ठावन्नाव्या स्तोत्रांतील बहिऱ्या नागाविषयीं आम्हांस वारंवार विचारतात. तेथें मंत्र न ऐकणाऱ्या सापाची उपमा दुष्टांस दिली आहे, प्राणिशास्त्र शिकविलेलें नाहीं.

मांडूळास दोन तोंडें नसतात; त्याची शेपटी बोथट असते, एवढेंच. मणी कोणत्याही सापाच्या डोक्यांत नाहीं. आपणांस मारणाऱ्याचा चेहरा लक्षांत ठेवून सूड घेण्याइतकी बुद्धि सापास नाहीं. सूड ही माणसाची विद्या आहे.

परंतु सर्वांत घातक समजूत मंत्राची आहे. पुष्कळ साक्षीदार सांगतात कीं, अमक्या मांत्रिकानें विष उतरविलें व माणूस उठून बसला. हे साक्षीदार खोटें बोलतात असें आम्ही म्हणत नाहीं. चावणारे पुष्कळ साप दिवड, कवड्या, तस्कर असे बिनविषारी असतात. आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळीं विष सोडतोच असें नाहीं. असा माणूस मंत्रावांचूनही वांचलाच असता. श्रेय मात्र मांत्रिकास मिळतें, आणि पुढें ज्याला खरेंच विष चढलें आहे तोही त्याच्याच दारीं नेला जातो. कडुलिंबाचा पाला चावावयास देणें, जखमेस कोंबडी लावणें, हींही त्याच पंक्तींतलीं. हें सर्व सोडल्याचें सांगणाऱ्या आमच्या कित्येक कुटुंबांत, साप दिसला म्हणजे जुनी वाट अजून आठवते.

आणि आमची स्वतःची चूकही येथें सांगितली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं एका वाडीवर आम्ही मुक्कामास होतों. मध्यरात्रीनंतर शेजारच्या घरांतून हांक आली. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा चटईवर निजला होता. त्याच्या पोटांत कळा येत होत्या. अंगावर सूज नाहीं, रक्त नाहीं, खूण नाहीं. आम्हीं अजीर्ण समजून ओवा द्यावयास सांगितलें, प्रार्थना केली, आणि परत येऊन आम्ही निजलों. उजाडतांना पुनः हांक आली. मुलाच्या पापण्या मिटत होत्या व लाळ गिळवत नव्हती. त्याला झोंप येत आहे, असें आई म्हणत होती. गाडी मिळून दवाखान्याच्या वाटेस लागलों, तों त्याचा श्वास बंद पडला. मागून घरच्यांनीं चटई उचलली तेव्हां भिंतीकडेला मण्यार सांपडली. प्रार्थना केली हें चुकलें नाहीं; तेवढ्यावर निजलों हें चुकलें.

मण्यार रात्रीं फिरते आणि जमिनीवर निजलेल्यास चावते. तिचे दांत इतके बारीक कीं पुष्कळदां जागही येत नाहीं. राजस्थानांत तिला पीवणा म्हणतात. ती निजलेल्याचा श्वास पिऊन जाते अशी तिकडे समजूत आहे. पिते कांहीं नाहीं. तिच्या विषानें मज्जातंतूंचा निरोप स्नायूंस पोंचत नाहीं. प्रथम पापण्या पडतात, मग घसा, मग श्वास. डोळे मिटले तरी रोग्यास ऐकूं येत असतें. सबब तो गेला असें समजूं नये. यंत्रानें श्वास चालू ठेवला तर कित्येक दिवसांनीं असे रोगी उठून घरीं आले आहेत. घोणशीचें विष निराळें: तिच्या दंशानें फार सूज येते, रक्त गोठत नाहीं, मूत्रपिंडें निकामी होतात. डॉक्टर रोग्याचें थोडें रक्त कांचेच्या नळींत वीस मिनिटें स्थिर ठेवतात. तें गोठलें नाहीं तर असें विष भिनल्याचें कळतें.

या चारही विषांवर उतारा एकच: प्रतिविषाचें इंजेक्शन. घोड्यास थोडथोडें विष टोंचून त्याच्या रक्तांतून तें काढतात. मुंबईस परळच्या हाफकीन संस्थेंत हें काम पुष्कळ वर्षें चाललें.

साप चावल्यास रोग्यास धीर द्या व चालूं देऊं नका. अंगठ्या, बांगड्या, जोडवीं लागलींच काढा. चावलेला अवयव बांबूच्या कामट्या लावून सैल बांधा, म्हणजे तो हालणार नाहीं. दोरी आवळूं नका, कापूं नका, तोंडानें ओढूं नका. घोणशीच्या दंशावर पातें लावलें तर रक्त थांबत नाहीं. कोणीं दोरी आधींच बांधली असेल तर ती वाटेंत न सोडतां डॉक्टरांस दाखवा. साप शोधण्यांत वेळ घालवूं नका. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर गाडी बोलवावी. उशीर होणार असेल तर मोटारसायकलवर रोग्यास दोघांच्या मध्यें बसवून न्यावें. आणि रात्रीं पोट दुखून पापण्या जड झाल्या, तर खूण शोधीत बसूं नका.

जमिनीवर निजणाऱ्यांनीं मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखालीं खोंचाव्या. रात्रीं बॅटरी घेतल्यावांचून बाहेर पडूं नये. प्रत्येक उपदेशकानें या आठवड्यांतच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत व ग्रामीण रुग्णालयांत जाऊन विचारावें: प्रतिविष सध्यां शिल्लक आहे काय? रात्रीं डॉक्टर असतात काय? श्वासाचें यंत्र कोठें आहे? उत्तरें कागदावर लिहून तो उपासनामंदिराच्या दारावर लावावा.

विंचवाविषयींही कांहींनीं विचारलें आहे; त्याविषयीं पुढें लिहूं.