नाव माकडाचे, घर कोणाचे?

तुमच्या आजी-आजोबांच्या हातावर मोठे, गोल, खोलगट वण तुम्ही पाहिले असतील. त्या देवी काढल्याच्या खुणा. (तुमच्या दंडावर असलेली लहान खूण बीसीजीच्या लशीची, ती लस क्षयावरची आहे.) तुमच्या देवी काढाव्या लागल्या नाहीत, कारण १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. या यशात लशीचा वाटा मोठा होता. पण आणखी एक गोष्ट माणसाच्या पथ्यावर पडली. देवीचा विषाणू फक्त माणसातच राहत असे. त्याला लपून बसायला दुसरा प्राणी नव्हता. त्यामुळे माणसामाणसांतील साखळी तुटताच विषाणूही संपला.

देवीच्या विषाणूचे इतर भाऊबंद मात्र असे एकट्या माणसावर अवलंबून नाहीत. एखादा विषाणू ज्या प्राण्यांत पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतो, त्यांना आपण त्याचे कायमचे यजमान म्हणू. ज्यांना तो केवळ प्रसंगाने गाठतो, ते वाटेतले यजमान. हे कायमचे यजमान ओळखायचे कसे? विषाणूचे नाव इथे फसवते, हे दोन उदाहरणांवरून पाहू.

गाईच्या देवी

१७९६ साली एडवर्ड जेन्नर यांनी एका गवळणीच्या हातावरील फोडातील द्रव एका मुलाला टोचला. तिला तो रोग गाईपासून झाला होता, म्हणून रोगाला गाईचे नाव मिळाले. पुढे असे दिसले की, ब्रिटनमध्ये गाईंना हा रोग क्वचितच होतो. मांजरांना तो अधिक वेळा होतो. मांजर तर शिकारी प्राणी. मग तिच्या शिकारीकडे लक्ष वळले. शेताच्या बांधावर आणि रानात राहणारे व्होल नावाचे आखूड शेपटीचे कृंतक (म्हणजे कुरतडणारे प्राणी) आणि रानउंदीर तपासले गेले. त्यांच्यात या विषाणूचा संसर्ग सर्रास आढळला. म्हणजे गाय आणि मांजर हे वाटेतले यजमान. विषाणूचे खरे घर रानातील कृंतकांत!

मंकीपॉक्स

१९५८ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे, प्रयोगशाळेसाठी आणलेल्या माकडांच्या अंगावर फोड उठले. त्यांतून नवा विषाणू मिळाला आणि त्याला मंकीपॉक्स हे नाव पडले. माणसातील पहिला रुग्ण १९७० साली काँगोमध्ये सापडला. ते नऊ महिन्यांचे बाळ होते. १९८५ साली त्याच देशात रोप स्क्विरल जातीच्या एका आजारी खारीत हा विषाणू मिळाला.

२००३ साली अमेरिकेत एक विलक्षण घटना घडली. आफ्रिकेतील घाना देशातून सुमारे ८०० लहान सस्तन प्राणी पाळण्यासाठी टेक्सासमध्ये आणले गेले. त्यांतील काही प्राणी एका विक्रेत्याकडे प्रेअरी डॉगच्या सान्निध्यात ठेवले होते. (नावात 'डॉग' असला तरी हा प्राणी खारींच्या कुळातला कृंतकच आहे.) प्रेअरी डॉग आजारी पडले आणि त्यांच्यापासून सहा राज्यांत मिळून ४७ माणसांना लागण झाली. सुदैवाने कोणी दगावले नाही. तपासात आफ्रिकेतून आलेल्या महाकाय उंदीर, डॉरमाउस आणि रोप स्क्विरल या तिन्ही कृंतकांत विषाणू सापडला.

२०२३ साली आयव्हरी कोस्टच्या ताई अभयारण्यात मॅंगाबे माकडांच्या एका कळपात साथ आली. तिच्या काही आठवडे आधी त्याच भागात मेलेल्या एका खारीत हाच विषाणू आढळला. ही माकडे खारी खातात. एका माकडाच्या विष्ठेत खारीचा आणि विषाणूचा असा दोहोंचा डीएनए मिळाला.

पुरावा किती पुरेसा?

प्राण्याच्या रक्तात प्रतिपिंडे मिळाली, तर त्याला पूर्वी कधीतरी लागण झाली होती एवढेच कळते. विषाणू मिळाला, तर आज लागण आहे असे कळते. पण तेवढ्याने तो कायमचा यजमान ठरत नाही. त्या जातीच्या रानातील समूहात विषाणू वर्षानुवर्षे फिरत राहतो, हेही दिसावे लागते. मंकीपॉक्सच्या बाबतीत पुरावा आफ्रिकेतील खारींकडे बोट दाखवतो. मात्र त्याला सांभाळणारी जात एकच की अनेक, याचा निकाल अजून लागायचा आहे.

आणखी एक सावधगिरी बाळगायला हवी. २०२२ साली हा रोग शंभराहून अधिक देशांत पसरला, तो माणसामाणसांच्या निकट संपर्कातून. त्या वर्षी त्याचे नाव बदलून एमपॉक्स करण्यात आले. ही साथ खारींनी किंवा उंदरांनी जगभर नेली नव्हती.

मग करायचे काय?

माणसातील साखळी लशीने आणि दक्षतेने तोडता येते. परंतु विषाणूचे घर रानात शाबूत असेल, तर तो पुन्हा येऊ शकतो. म्हणून देवीप्रमाणे याचे उच्चाटन करणे फार कठीण आहे. रानातील कृंतक मारून टाकणे हाही उपाय नव्हे. घुबडे, साप, रानमांजरे त्यांच्यावरच जगतात. आपल्या अंगणातील खार ही आफ्रिकेतील त्या खारींहून वेगळी आहे. तिला घाबरण्याचे कारण नाही. मात्र आजारी किंवा मेलेल्या रानप्राण्याला उघड्या हाताने शिवू नये आणि दूरदेशीचे रानटी प्राणी हौसेखातर घरात आणू नयेत. ४७ अमेरिकनांना आजार झाला, तो रानात पाऊल टाकल्यामुळे नव्हे, तर दुसऱ्या खंडातले रान दुकानात आणल्यामुळे.

विचार करा

१. एखाद्या रोगाने प्राणी लवकर मरत असतील, तर ते त्या विषाणूचे कायमचे यजमान होऊ शकतील का?

२. एका मांजरीच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. यावरून काय सांगता येईल आणि काय सांगता येणार नाही?