कुर्बान आणि आपले आईबाप
शास्त्रपाठ : मार्क ७:९–१३

प्रियांनो, पाचवी आज्ञा आपण शब्बाथशाळेत लेकरांकडून पाठ करून घेतो. पण ती मोठ्यांसाठीही आहे. आईबापांना द्यावयाचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असे म्हटले की परूश्यांच्या संप्रदायाप्रमाणे मुलगा मोकळा होई. प्रभूने हे ढोंग उघडे केले.

आपण दशांश चुकवीत नाही, उपकारस्तुतीच्या लिलावात चढाओढीने बोली लावतो. आणि घरी म्हाताऱ्या आईच्या चष्म्याची फुटकी काच सहा महिने तशीच! आईबापांना पोसावे म्हणून २००७ साली संसदेला कायदा करावा लागला, याची आपल्याला लाज वाटावी.

वधस्तंभावरील यातनांतही प्रभूने आईची सोय लावली (योहान १९:२६–२७). येत्या रविवारी मंदिरात निघण्यापूर्वी आपण आईबापांजवळ घटकाभर बसू, त्यांना काय हवे ते विचारू आणि आधी ते आणून देऊ.