फुलपाखरू आणि पतंग : शब्दांचा नेमका अर्थ
संत्रा-लिंबाच्या बागेत उडणाऱ्या किडीस पुष्कळदा सरसकट ‘पाखरू’ म्हटले जाते. परंतु उपाय योग्य नावावर अवलंबून असतो. ‘लिंबाचे फुलपाखरू’ उष्ण प्रदेशातील असून दिवसा उडते व फुलांतील मध पिते. नुकसान करते ती त्याची अळी. ती प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवी होते व कोवळी पाने खाते. रोपांवरील अळ्या हाताने वेचून नष्ट कराव्यात.

‘रसशोषक पतंग’ मात्र रात्री येऊन स्वतःच सोंडेने फळास छिद्र पाडतो. अशी फळे सडून गळतात. त्याची अळी गुळवेल व वासनवेलीवर वाढते. म्हणून बागेभोवतालच्या या वेली काढाव्यात व गळलेली फळे पुरावीत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कीड कळविताना हा भेद अवश्य पाळावा.