पिवळा दाखला

वागळे इस्टेट, ठाणे

चि. बाळ यास,

लेगॉसच्या नेमणुकीचा हुकूम तुझ्या हाती पडल्याचे ताईने कळवले तेव्हा झालेला हर्ष तिच्या पुढच्याच वाक्याने मावळला. पीतज्वराची, यलो फीवरची, लस न टोचताच तिचा पिवळा दाखला आणून देण्याची हमी कोणा दलालाने तुला दिली असून, रजा वाचते म्हणून तू राजी झाला आहेस, असे ती म्हणाली. ही खबर खोटी असेल तर आनंदच आहे. खरी असेल तर हे पत्र संपूर्ण वाचल्यावाचून त्या माणसास एक छदामही देऊ नकोस.

ज्या लेगॉसला तू निघालास तेथेच १९२७ साली एड्रियन स्टोक्स नावाचा संशोधक या ज्वराचा छडा लावता लावता याच ज्वराने मरण पावला. त्याच वर्षी, आज ज्याला घाना म्हणतात त्या मुलखात, असिबी नावाच्या एका रोग्याचे रक्त स्टोक्सच्या सहकाऱ्यांनी तपासणीस घेतले. असिबी बरा झाला, आणि त्याच्या रक्तातला विषाणू प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढवून, त्याचे मारकपण घालवून, मॅक्स थायलर आदी शास्त्रज्ञांनी १९३७ साली जी लस सिद्ध केली, तिच्याच वंशातली लस आजही टोचली जाते. प्राणांच्या मोलाने मिळालेले हे रक्षण दंडावर घ्यायचे सोडून तू नुसता त्याचा शिक्का विकत घेणार? रोग बळावून कावीळ व रक्तस्राव सुरू झाला की अशा रोग्यांपैकी सुमारे निम्मे सात ते दहा दिवसांत दगावतात, आणि त्यावर हुकमी औषध नाही. विमानतळावरचा अंमलदार कागद पाहून सोडील. डास सोडणार नाही.

आणि तो डास परका नाही. दर पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा, कारखान्यांच्या आवारातील उघड्या पिंपांत आणि टाकलेल्या टायरांत वाढणारा एडिस इजिप्ती हाच पीतज्वरही वाहतो. या देशात तो ज्वर नाही, डास मात्र आहे. म्हणूनच दाखल्यावाचून तिकडून परतणाऱ्यास सरकार सहा दिवस अलग ठेवते. खोट्या दाखल्याने तू तो पहारा चुकवलास, तर गल्लीतल्या पोराबाळांचे काय होईल, याचा विचार तुझ्यासारख्या मायाळू मुलाने केला नाही, याचेच मला दुःख वाटते.

मी तुझ्या जाण्याच्या आड येतो आहे असे मात्र मनात आणू नकोस. ऐन तिशीत मला दारेसलामची जागा चालून आली होती. तुझ्या आजीने अन्न सोडले आणि मी राहिलो. पासपोर्ट कचेरीपुढे कागदांचे पुडके छातीशी धरून उभी असलेली मुले पाहिली की ती रुखरुख अजून जागी होते. तू जाच, पण तो दाखला खरा घेऊन जा.

लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, कारण दाखला दहाव्या दिवसापासून लागू होतो. २०१६ पासून तो जन्मभर चालतो. सहारच्या विमानतळ आरोग्य कचेरीत किंवा मुंबईतील अन्य सरकारमान्य केंद्रातच ती घे. लहानपणी अंडे खाल्ले की तुझ्या अंगावर गांधी उठत, हे तेथील डॉक्टरांपासून लपवू नकोस. विषमज्वर, धनुर्वात, कावीळ आणि उत्तर नायजेरियात जाणे झाल्यास मेंदूज्वर, यांच्या लसींचेही त्यांनाच विचार. हिवतापासाठी गोळ्या न्याव्या लागतील.

रागाने लिहिलेले मनावर घेऊ नकोस. रजा मिळत नसेल तर तुझ्या साहेबांशी मी बोलेन, लसीचा खर्चही माझा. दिवस ठरला की कळव. ठाणे स्टेशनावर तुझ्या गाडीची वाट पाहीन आणि बरोबर येईन. टोचल्यावर अंग कसकसले तर डोंबिवलीला एकटा जाऊ नकोस, इकडेच राहा. मामीने तुझे अंथरूण आतापासूनच उन्हात घातले आहे.

तुझा,
मामा