ओट्याच्या दगडातली चुंबकीय दिशा

मंडळी, जुफैरमध्ये प्राचीन खडक शोधायला निघालात तर नुसती पायपीट होईल. आमच्या भागातली बरीचशी जमीन समुद्रात भराव घालून केलेली, आणि बहरीनच्या पृष्ठभागावर दिसतो तो मुख्यतः चुनखडक, भूशास्त्राच्या हिशेबाने तरुण. पण स्वयंपाकघराच्या ओट्याकडे पाहा. ‘ग्रॅनाइट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही दगडांत फिकट आणि काळे पट्टे लाटांसारखे वळलेले असतात. त्यातले बरेच दगड खरे तर मिग्मटाइट. हे नाव 1907 मध्ये फिनलंडच्या याकोब सेडरहोल्म यांनी दिले. ग्रीक ‘मिग्मा’ म्हणजे मिश्रण.

कवचात खोलवर, पाणी असेल तर साधारण 650 ते 700 अंश सेल्सिअसला, खडकाचा काही भाग वितळू लागतो. रस फिकट पट्ट्यांत जमतो, काळी खनिजे मागे उरतात. सुमारे 7 टक्के रस झाला की त्याचे धागे एकमेकांना जोडले जातात आणि खडकाची ताकद झपाट्याने घटते. म्हणूनच कळीचा प्रश्न असा: हा खडक रस असतानाच दाबला गेला, की थिजल्यानंतर?

डोळ्यांना पट्टे दिसतात, पण दिशा नेहमी दिसत नाही. तिथे चुंबकत्व मदतीला येते. खडकातून दिशा नोंदवून सुमारे 25 मिलिमीटर व्यासाचे दंडगोल काढतात. प्रयोगशाळेत क्षीण चुंबकीय क्षेत्रात ते वेगवेगळ्या बाजूंनी ठेवून, प्रत्येक दिशेला खडक किती चुंबकित होतो ते मोजतात. दाबामुळे अभ्रकाच्या पत्र्या किंवा मॅग्नेटाइटचे लांबट कण एका रांगेत आले असतील, तर आकडे सारखे येत नाहीत. सर्वांत मोठा आकडा कणांच्या लांबीची दिशा दाखवतो. सर्वांत लहान आकडा पत्र्यांच्या थराला काटकोनात असतो. ही कल्पना जॉन ग्रॅहम यांनी 1954 मध्ये मांडली.

आता फिकट आणि काळ्या पट्ट्यांचे नमुने वेगळे मोजा. दोन्हींत दिशा एकच आली, तर रस आणि दाब एकाच काळातले असण्याची शक्यता वाढते. दिशा वेगळ्या आल्या, तर घटनांचा क्रम पुन्हा तपासावा लागतो.

असे खडक आपल्या घरापासून दूर नाहीत. नागपूरच्या उत्तरेला, मराठी बोलल्या जाणाऱ्या सौंसरचे नाव मिळालेल्या पट्ट्यात आणि मँगनीजच्या खाणींच्या परिसरात तिरोडी नाइस हा मिग्मटाइटयुक्त खडक उघडा पडतो. मध्य भारतातले दोन प्राचीन भूखंड जिथे जोडले गेले, त्या सांध्याचा हा भाग. ते नेमके केव्हा जुळले, यावर अजून वाद आहे. अशा वादात खडकातली दिशा हा एक साक्षीदार ठरतो.

साक्षीदाराची उलटतपासणी मात्र हवीच. मॅग्नेटाइटचे अतिसूक्ष्म कण दिशा उलटी दाखवू शकतात, आणि खनिज नंतर तयार झाले असेल तर ते जुनी गोष्ट सांगणार नाही. म्हणून आकड्यांसोबत सूक्ष्मदर्शकाखाली खडकाचा पातळ काप पाहतात.

आज घरी दोऱ्याला छोटा, ताकदवान चुंबक बांधून ओट्याजवळ धरा. तो ओढला गेला, तर दगडात मॅग्नेटाइट असावे. नाही ओढला, तरी निराश होऊ नका. अभ्रक अगदी हळू आवाजात बोलते, ते ऐकायला यंत्र लागते.