मुठीचा डबा

राखेच्या बुधवारी चर्चमधून आलीस की कपाळावरची राख लगेच पुसू नकोस आणि मोबाइलही हातात घेऊ नकोस. आधी स्वयंपाकघरात जा. फडताळात खालच्या फळीवर, पोळपाटामागं पत्र्याचा डबा आहे. झाकण जरा वाकलंय, डाव्या बाजूनं दाबलं की बसतं. तो घासून उन्हात ठेव. या घरातला उपवासकाळ त्या डब्यापासून सुरू होतो. नातसून होऊन आलीस त्याला दोन वर्षं झाली. दोन्ही वर्षं तू नुसतं बघितलंस, यंदापासून तू करायचं. माझे गुडघे आता मला माधवनगरच्या गल्ल्यांतून फिरू देत नाहीत.

सकाळी भाकरीचं पीठ परातीत घ्यायच्या आधी एक मूठ जोंधळा डब्यात टाकायचा. आधी टाकायचा, हे लक्षात ठेव. भाकऱ्या थापून झाल्यावर उरलंसुरलं टाकलं तर ती नुसती आवराआवर झाली. पीठ टाकू नकोस. उन्हाळ्यात जोंधळ्याचं पीठ दोन आठवड्यांत कडू पडतं. आपल्याकडं हा काळ नेमका शाळूच्या सुगीचा. नवा शाळू घरात आलेला असतो, त्यातलाच टाक. टोके पडलेला जुना दाणा दुसऱ्याच्या घरी पाठवायचा नाही. मूठ पन्नास ग्रॅमची धरली तर ४० दिवसांत दोन किलो होतात. दहा घरांनी केलं की वीस किलो. चार माणसांच्या घरातली महिन्याची भाकरी त्यात जवळजवळ निघते. राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या आदल्या दिवसापर्यंत दिवस मोजलेस तर ४६ भरतील, सहा रविवार वगळले की ४०. रविवारी उपवास नसतो, पण मूठ रविवारीही काढ. कुणाची चूल रविवारी बंद नसते.

ही मूठ माझ्या आईची. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, हे तुला माहीत आहे. बहात्तरच्या दुष्काळात, म्हणजे १९७३चा उपवासकाळ आला तेव्हा, आई आणि मी खडी फोडायला जात होतो. घरात मिलो होता, अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी. भाकरी धड थापली जायची नाही. त्यातूनही आई मूठ काढायची. मी एकदा चिडून म्हणाले, आपल्यालाच पुरत नाही. ती काही बोलली नाही, माझा हात धरून डब्यात घातला आणि मूठ माझ्याकडून सोडवून घेतली. शेजारी एक बाळंतीण होती, तिला खडीवर जाता येत नव्हतं. ते धान्य तिच्याकडं गेलं.

उपवासाचं म्हणशील तर धर्मसभेचा नियम फार कडक नाही. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार, हे दोनच दिवस सक्तीचे. एक पोटभर जेवण, बाकी दोन वेळा थोडंसं. हे १८ पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षात पाऊल पडेपर्यंत. शुक्रवारी मटण-कोंबडी नाही, ते १४ वर्षांपासून पुढं सगळ्यांना. आजारी माणूस, पोटुशी बाई, अंगावर पाजणारी, यांना सूट आहे आणि ती सूट त्यांनी घ्यायची. तुझ्या सासऱ्यांना साखर आहे. ते हट्ट करतील, दरवर्षी करतात. त्यांना उपाशी राहू देऊ नकोस. त्यांनी चहाच्या वेळची बडबड बंद करून त्यांच्या भावाच्या, बापूंच्या घरी रोज अर्धा तास बसावं. आजारी भावाशी बोलायला त्यांना जड जातं, तोच त्यांचा उपवास.

आणि मटण सोडलं म्हणून पनीर आणायचं नाही. आपले शेजारी स्वतःच म्हणतात ना, एकादशी अन् दुप्पट खाशी! ते आपल्यालाही लागू आहे. शुक्रवारचे जे पैसे वाचतील ते त्याच दिवशी वेगळे काढ. महिनाअखेरीस हिशोब करू म्हटलं की ते पैसे राहत नाहीत. चर्चमध्ये कारितास इंडियाच्या उपवासकाळातल्या मोहिमेसाठी दान गोळा करतात, भूक आणि रोगराईविरुद्धची मोहीम असते ती. निम्मे तिकडं दे, कारण आपल्या डोळ्यांना न दिसणारी माणसंही आहेत. निम्मे इथं ठेव.

मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात प्रभू आधी दानाचं बोलतो, मग प्रार्थनेचं, उपवास शेवटी. आपण नेमकं उलटं करतो. उपवासापासून सुरुवात करतो आणि दानापर्यंत पोचेपर्यंत चाळीस दिवस संपतात. तू त्याच्याच क्रमानं जा.

आता २०२० सालचं सांगते. तू तेव्हा कॉलेजात होतीस, तुला ते सुट्टीसारखं आठवत असेल. त्या साली राखेचा बुधवार २६ फेब्रुवारीला होता. आदल्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर येऊन गेलेला, सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर चढलं होतं. धोक्याची खूण ४५ला आहे. सांगलीत ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना पहिल्या आठवड्यात सगळ्या महाराष्ट्रातून मदत आली. ब्लँकेटं, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं. दिवाळीनंतर कुणी विचारायला आलं नाही. गादी विकत घेतलेली नव्हती, फ्रिज गेलेला, भांडीवाल्याचं देणं डोक्यावर. अशी ती घरं मार्चला तोंड देत होती. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात इस्लामपुरात रुग्ण निघाले, बघता बघता आकडा विसाच्या पुढं गेला आणि सगळ्या राज्याचं लक्ष आपल्या जिल्ह्याकडं वळलं. २५ मार्चला पाडवा. तोच टाळेबंदीचा पहिला दिवस. गुढ्या उभ्या होत्या आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. माधवनगरात मागांचा खडखड आवाज थांबला तेव्हा मला इथली गिरणी बंद पडली ते दिवस आठवले. तुझे आजेसासरे तेव्हा असेच खाटेवर बसून राहायचे, भोंग्याच्या वेळेला उठायचे.

चर्चला कुलूप. जिन्यावर बसून मी रडले, हे तुला सांगायला लाज वाटत नाही. पोप फ्रान्सिस यांनी त्याच २५ तारखेला जगातल्या सगळ्या ख्रिस्ती माणसांना एकाच वेळी प्रभूची प्रार्थना म्हणायला सांगितलं होतं. रोममध्ये दुपारचे बारा, आपल्याकडं साडेचार. मी आठ घरांना फोन केले. साडेचार वाजता प्रत्येक जण आपापल्या दारात उभा राहिला. पलीकडच्या माळ्यावरचा पोरगा मोठ्यानं म्हणत होता, त्याच्यामागून बाकीचे. दोन दिवसांनी, २७ला, रात्री साडेदहाला टीव्हीवर पोप दिसले. पावसात, रिकाम्या चौकात, एकटे. त्या दिवसापासून मला कळलं की प्रार्थनेला वेळ ठरलेली हवी. जमेल तेव्हा करू म्हणून ती होत नाही. तू साडेचारचीच वेळ ठेव. चहा टाकायच्या आधी पाच मिनिटं.

आणि नावं घेऊन कर. 'गरिबांसाठी' म्हटलं की मन कुठंच जात नाही. डब्याशेजारच्या वहीत नावं आहेत. रोज एक घर घे. त्या घराचं नाव घेतलंस की संध्याकाळपर्यंत त्या घराची काहीतरी अडचण तुझ्या ध्यानात येतेच. दान कुठं द्यायचं ते मला बहुतेक वेळा प्रार्थनेतच सुचलंय.

क्रूसाच्या वाटेसाठी त्या साली पोरांनी मागच्या दाराला खडूनं १४ क्रूस काढले होते. शुक्रवारी सगळे त्या दारापुढं उभे राहायचो. उत्तम शुक्रवारी एकेक क्रूस ओल्या फडक्यानं पुसत गेलो. चर्च उघडं असलं तरी घरात म्हातारं, अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर असंच कर. त्याला खाटेवरून दिसेल अशा भिंतीवर काढ. त्याच साली पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी व्हायचा नाही, असं रोमहून आलं होतं. मग मी आपल्या घरी सासूबाईंचे पाय धुतले. ९१ वर्षांच्या होत्या. आधी लाजल्या, मग म्हणाल्या, नखंही काप.

घरी जायची पद्धत नीट ऐक, कारण यात माझी एक चूक झालेली आहे. टाळेबंदीतच आम्ही वीस पिशव्या भरल्या: जोंधळा, तांदूळ, तूरडाळ, तेल, चटणी, चहापूड, साखर, साबण. मी सोयीचं म्हणून सगळ्यांना एका जागी बोलावलं. अंतर ठेवून रांग लावली, एकानं फोटो काढायला सुरुवात केली. रांगेत चौथी होती एक बाई, शिवणकाम करायची, कुणापुढं कधी हात पसरलेला नाही. तिनं पदर तोंडावर ओढला आणि वळून गेली. संध्याकाळी पिशवी घेऊन मी तिच्या दारात गेले, तिनं दार उघडलं नाही. तीन आठवडे मी जात राहिले. पुढं ती बोलली, पण पहिल्यासारखी नाही. म्हणून सांगते: रांग नाही, फोटो नाही, बॅनर तर नाहीच. दोघींनी जायचं, कधी एकटीनं नाही. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं मित्रांबरोबर जे काम सुरू केलं, जे पुढं संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी म्हणून जगभर गेलं, त्यातली मुख्य गोष्ट हीच आहे: गरिबाला बोलवायचं नाही, आपण त्याच्या घरी जायचं. अंधार पडता पडता जा. पिशवी रोजच्या बाजारासारखी दिसू दे. आत बसायला सांगितलं तर बस, पाणी दिलं तर पी. पाणी नाकारलंस तर दिलेलं सगळं वाया गेलं असं समज.

पिशवीत काय घालायचं ते घर बघून ठरव. गॅस संपलाय आणि तू डाळ दिलीस तर शिजवणार कशावर? कच्च्याबरोबर चुरमुरे, शेंगदाणे, गूळ दे. घरात वयात आलेल्या मुली असतील तर पॅडचं पाकीट जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून तळाशी ठेव; ते कुणी मागत नाही. बीपीच्या, साखरेच्या गोळ्यांची रिकामी पट्टी मागून घे आणि औषधाच्या दुकानात दाखवून तेवढ्याच आण. बायकांच्या गटाचा हप्ता थकलाय का, हे सगळ्यांदेखत विचारू नकोस.

सगळ्यात चांगलं दान मला माझ्या दिरांनी शिकवलं. किराणा दुकानात जायचं, वाण्याला विचारायचं की कुणाची उधारी जास्त तुंबलीय. त्यातली आपल्या ऐपतीएवढी फेडायची आणि त्याला म्हणायचं, नाव सांगू नका. पुढच्या वेळी ते माणूस दुकानात मान वर करून जातं. कोण कुठल्या जातीधर्माचं, हे वाण्याला विचारायचं नाही. आपल्या भागात आपली घरं मोजकीच, पण दान तेवढ्यांपुरतं नाही. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात डॉ. वॉनलेस यांच्या काळापासून, १८९४ पासून, कुठल्याही गावचा कुठलाही माणूस येऊन बरा झालाय. ते प्रॉटेस्टंट, आपण कॅथलिक, पण ही रीत आपण त्यांच्याकडून घ्यावी अशीच आहे.

वहीची दोन पानं निराळी ठेव. एका पानावर कुठल्या घरी कोण आजारी, कुणाला कुठली गोळी, पूर आला तर कुणाला आधी हलवायचं. ते पान जपायचं, जुलै लागायच्या आत पुन्हा तपासायचं. दुसऱ्या पानावर कुणाला काय दिलं. हिशोब चुकू नये म्हणून ते लागतं, पण चाळीस दिवसच.

पुनरुत्थानाच्या आदल्या शनिवारी डबा रिकामा कर, शेवटचा दाणासुद्धा झटकून पिशवीत घाल. झावळ्यांच्या रविवारी आणलेली झावळी क्रूसामागं खोचून ठेव, पुढच्या वर्षी राखेसाठी चर्चमध्ये द्यावी लागते. दिल्याघेतल्याचं दुसरं पान फाडून चुलीत टाक, मलाही दाखवू नकोस. मग डबा धुऊन पालथा घाल आणि माझ्याजवळ ये, रात्रीच्या मिस्साला बरोबर जाऊ. मला जिना उतरताना तुझा खांदा लागेल.