वाट खोदण्याआधी पाणी वाचा

सायकल चालवणारी तरुण मंडळी आणि जंगल सांभाळणारे कर्मचारी, या दोघांना डोंगरी सायकलींच्या वाटा आखायला नि खोदायला मी शिकवतो. वर्ग नागपूरच्या रामदासपेठेत भरतो आणि प्रत्यक्ष काम शहराच्या पश्चिमेकडच्या मुरमाड टेकड्यांवर चालतं. माउंटन बायकिंग १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये या खेळाची आशियाई स्पर्धा केरळात पोन्मुडीला झाली. आपल्या मुलांकडे आता सायकली चांगल्या आहेत, पायांत दमही आहे. उणीव आहे ती टिकाऊ वाटांची. शिकवताना जे पक्कं कळलं, ते इथे मांडतो.

१. आधी परवानगी, मग टिकास

राखीव वनात परवानगीशिवाय जमीन खोदणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. म्हणून नकाशा घेऊन आधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे जायचं आणि लेखी परवानगी हातात आल्याशिवाय फावडंही उचलायचं नाही. याचा फायदा आपलाच असतो. पाणवठा कुठे आहे, बिबट्याचा माग कुठे दिसतो, यंदा रोपवन कुठे लागणार, हे तिथेच कळतं आणि वाट त्या जागा टाळून नेता येते.

२. दोघांना एकाच वर्गात बसवा

अमेरिकेत १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग संघटनेने पुढे प्रशिक्षकांच्या जोड्या गावोगावी पाठवल्या. या जोड्या जमीन सांभाळणारे अधिकारी आणि स्वयंसेवक, दोघांनाही शिकवत. ही पद्धत आपल्याकडे तर फारच उपयोगी पडते. सायकलवाल्याला वळण दिसतं, वनरक्षकाला वणवा अडवणारी जाळरेषा दिसते आणि वनमजुराला पाणी दिसतं. एकदा आम्ही वाटेच्या खुणेच्या झेंड्या रोवत असताना एक वयस्क वनमजूर म्हणाले, "भाऊ, इथून नका काढू वाट. पावसाळ्यात सारं पाणी इथूनच येते." जागा कोरडी ठणठणीत होती. त्यांनी पायाने पालापाचोळा बाजूला सारला, तर खाली धुतलेली बारीक खडी एका ओळीत पसरलेली होती. त्या दिवसापासून वनमजूर माझ्या वर्गात शिकवणाऱ्यांच्या रांगेत बसतात.

३. पाण्याशी शर्यत लावू नका

नागपूरकरांना पाण्याचा जोर समजावून सांगावा लागत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं. ही नदी शहराच्या पश्चिमेकडच्याच लावा गावाजवळच्या टेकड्यांकडून येते. उतारावर सरळ खाली काढलेली वाट दोन पावसाळ्यांत ओघळ होते आणि तिची माती वाहून नाल्यात जाते. यासाठी एक नियम पाठच करून घ्यावा: वाटेचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. टेकडी शंभर फुटांत सोळा फूट उतरत असेल, तर वाट आठ फुटांहून जास्त उतरता कामा नये. एकूण सरासरी दहा टक्क्यांच्या आत ठेवावी.

४. ए-फ्रेम पुरते, पण चर आणि वाट यांत गल्लत नको

तीन बांबू, सुतळी आणि ओळंब्यासाठी एक दगड, एवढ्यात समपातळी शोधणारी ए-फ्रेम तयार होते. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेमुळे ती महाराष्ट्रात गावोगावी पोचली. २०१६ मध्ये स्पर्धेच्या पहिल्या तीन तालुक्यांत आपल्या विदर्भातला वरुडही होता. ओळंबा मधल्या खुणेवर आला की दोन्ही पाय समपातळीत आहेत असं समजायचं. पायांत दोन मीटर अंतर ठेवून उताराकडच्या पायाखाली दहा सेंटिमीटरचा ठोकळा ठेवला, की ओळंबा जुळेल तिथे बरोबर पाच टक्के उतार मिळतो. तिथे फक्की टाकायची आणि पुढे सरकायचं.

समतल चर खोदलेल्या हातांना एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते. चर पाणी अडवतो; वाटेवरून मात्र पाणी पटकन पलीकडे उतरलं पाहिजे. म्हणून दोन फूट रुंदीची वाट खालच्या बाजूला इंच-सव्वा इंच कलती ठेवायची. शिवाय दर वीस-तीस पावलांवर ती थोडी खाली नेऊन पुन्हा वर घ्यायची, म्हणजे त्या खोलगट जागी पाणी बाहेर पडतं. वाट नेहमी डोंगराच्या अंगात कोरावी. कडेला भर टाकून रुंद केलेली वाट चाकाखाली खचते.

५. काळ्या मातीला हात जोडा

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि ओली असताना चाकाला अशी चिकटते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. वाट शक्यतो मुरमावरून न्यावी. काळा पट्टा टाळता येत नसेल, तर तिथे दगड बसवून वर मुरूम दाबावा. आणि पाऊस उघडल्यावर माती वाळेपर्यंत वाट बंद ठेवावी. ओल्या मातीत उमटलेला चाकाचा चर पुढच्या सरीत पाण्याचा पाट होतो.

६. पंचांग टेकडीचं पाळा

जुलैत भर पावसात टेकडी फिरून पाणी कुठून उतरतं ते पाहावं आणि खुणा कराव्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओल असते, तेव्हा खोदावं. मार्चनंतर मुरूम दगडासारखा होतो, टिकास उसळतं. शिवाय वणव्याचे दिवस सुरू होतात आणि वनकर्मचाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे सरकल्यावर कुणालाही टेकडीवर बोलावू नये.

७. परीक्षा पुढच्या पावसाळ्यानंतर घ्या

उद्घाटनाला गर्दी होते, सप्टेंबरात तरोटा कापायला मोजकीच माणसं येतात. म्हणून वर्ग संपण्याआधीच वाटेचे तुकडे पाडावेत आणि प्रत्येक तुकड्याला एक वनरक्षक व दोन स्वयंसेवक अशी जबाबदारी लेखी ठरवावी. बुजलेले पाणीमार्ग मोकळे करणं, कडेची साचलेली माती काढणं, निखळलेले दगड बसवणं हे काम दरवर्षीचं आहे. प्रमाणपत्रंही मी पुढच्या पावसाळ्यानंतरच देतो. पावसाळा संपल्यावर वनरक्षक आणि स्वयंसेवकांनी मला न बोलावता आपापला तुकडा दुरुस्त केला असेल, तर ते शिकले आणि माझं शिकवणंही उत्तीर्ण झालं.